आप्पांचे हात आणि डुलणारी गाडी

बायकोनं मला या प्रवासाला हेर म्हणून पाठवलं होतं, हे सुरुवातीलाच कबूल करतो. पाळत ठेवायची होती ती तिच्याच वडिलांवर, म्हणजे माझ्या सासऱ्यांवर. आम्ही सगळे त्यांना आप्पा म्हणतो. वय शहात्तर, पाठ ताठ, आवाज खणखणीत. त्यांच्याकडे सत्तावीस वर्षांची एक लाल छोटी गाडी आहे. तिच्यावर त्यांचं जेवढं प्रेम आहे तेवढं एकुलत्या एक जावयावर नाही, आणि हे ते चारचौघांत सांगतात.

दोन वर्षांपासून ही गाडी रस्त्यावर डुलायला लागली होती. डावीकडे थोडी, मग उजवीकडे थोडी, पुन्हा डावीकडे. आमच्या वाईच्या बाजारात लोक आप्पांची गाडी दिसली की दुकानाच्या पायरीवर चढून उभे राहत. आप्पांचे हात आता स्टिअरिंगवर ठरत नाहीत, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आप्पांना ते सांगायची हिंमत मात्र कुणाचीच नव्हती.

तशात आप्पांनी जाहीर केलं की ते पार गडचिरोलीच्या टोकाला, सिरोंचाला जाणार, आणि गाडी चालवत जाणार. तरुणपणी सरकारी मोजणीच्या कामावर ते तिथे चार वर्षं राहिले होते. नद्यांचा तो संगम त्यांना पुन्हा बघायचा होता. सुनंदानं, म्हणजे माझ्या बायकोनं, मला स्वयंपाकघरात ओढलं आणि दार लावून घेतलं.

"तू बरोबर जा. नीट बघ. रोज संध्याकाळी मला खरं काय ते सांग. हात गेले असतील तर आल्यावर मी किल्ली काढून घेते. रडले तरी देणार नाही."

"आणि हात ठीक असतील तर?"

"तर ती गाडी मरेपर्यंत त्यांची."

असा सगळा मामला होता. एका माणसाची किल्ली माझ्या जिभेवर ठेवलेली. आणि माझी जीभ कशी आहे हे ज्यांनी मला ऐकलंय त्यांना माहीत आहे. मी लग्नसमारंभांत माइक धरणारा माणूस आहे. साध्या नारळालासुद्धा मी टाळ्या मिळवून देतो.

भद्रावती ते चंद्रपूर

वाटेतले दोन दिवस मी गाळतो. त्यात कापूस, ऊन, आणि आप्पांनी सांगितलेल्या त्याच त्या सहा गोष्टी याखेरीज काही नव्हतं. आप्पा रस्त्याच्या कडेकडेनं, चाळीसच्या वेगानं गाडी नेत होते. मागचे लोक हॉर्न वाजवून थकत आणि पुढे निघून जात.

भद्रावती ओलांडली तशी रस्त्यावर कोळशाच्या ट्रकांची रांग लागली. काळी धूळ, झाडांची पानंही काळी. दुपारचं ऊन असूनही मी काचा वर केल्या. समोरून एक लाल बस येत होती आणि आमची गाडी ठरल्याप्रमाणे उजवीकडे झुकली. आप्पांनी डावीकडे ओढली. ती जरा जास्तच डावीकडे गेली. पुन्हा उजवीकडे ओढली. बस आमच्या आरशाला वारा घालून गेली. त्या एका क्षणात मी माझ्या सगळ्या विम्यांचे हप्ते आठवले.

पुढच्या थांब्यावर चहासाठी उतरलो, तर तिथल्या बाकावरच्या एका माणसानं सगळं पाहिलं होतं. तो आप्पांना हात जोडून म्हणाला, "बाबाजी, गाडी चालवून राह्यले का नदी काढून राह्यले?"

आप्पा हसले. मी नाही हसलो. संध्याकाळी चंद्रपुरात, किल्ल्याच्या जुन्या दरवाजाजवळच्या लॉजच्या जिन्यात उभा राहून मी सुनंदाला अहवाल दिला. हात थरथरतात असं मी म्हटलं. खरं तर थरथरताना पाहिले नव्हते. पण वाक्य जमून आलं होतं, आणि जमलेलं वाक्य मला टाकवत नाही.

मोहर्ली

दुसऱ्या दिवशी सकाळी तर्री पोहे खाल्ले. पोह्यांवर लाल रस्सा ओतण्याची ही चाल आमच्याकडे नाही. आमच्याकडे पोह्यांवर खोबरं आणि लिंबू, म्हणजे आजारी माणसाला द्यावं तसं. इथल्या एका बशीनं माझे कान गरम झाले. वर पेरलेल्या कोथिंबिरीला इथे सांबार म्हणतात. मी वाटीची वाट बघत बसलो आणि आप्पांनी मला खुशाल बसू दिलं.

तिथून मोहर्लीला गेलो. जंगलाच्या तोंडाशी असलेलं हे गाव, सफारीच्या उघड्या जिपा ओळीनं उभ्या. त्यांचे ड्रायव्हर चुना मळत गप्पा मारत होते. आमची गाडी शिरली तसे सगळे उठून उभे राहिले. मला वाटलं, आदर. पण एक उंच ड्रायव्हर पुढे येऊन मला हळूच म्हणाला, "भाऊ, बाबाजीले मांगं बसवा. लय आडीतिडी येऊन राह्यली गाडी. इथी दोन्ही बाजूनं लेकरं फिरते."

झालं. दुपारी निघताना मी किल्लीसाठी हात पुढे केला. "आप्पा, तुम्ही दमला असाल. आता मी चालवतो."

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. किल्ली माझ्या हातावर ठेवली आणि डावीकडे जाऊन बसले. त्या शांतपणानं मला आप्पांच्या ओरडण्यापेक्षा जास्त त्रास झाला.

आता मजा ऐका. मी चालवायला लागलो तेव्हाही गाडी डुलली. पण मला त्याचं काही वाटलं नाही. आप्पा चालवताना डुलायची ती वयामुळे. मी चालवताना डुलत होती ती रस्त्यामुळे. थोडं पुढे गेल्यावर ती वाऱ्यामुळे डुलायला लागली. मूल गावापाशी ती समोरच्या ट्रॅक्टरमुळे डुलली. मला नवनवीन कारणं सापडत होती आणि आप्पा खिडकीतून बाहेर बघत होते. शेतात धानाचे पुंजणे उभे होते. आमच्याकडच्या कडब्याच्या गंजीसारखे, पण टोपी घातलेल्या बुटक्या माणसांसारखे गोल. त्या रात्री मूलला मुक्काम केला आणि सुनंदाला सांगितलं की मी गाडी ताब्यात घेतली आहे, काळजी नसावी.

तलावाची पाळ

मूलहून गडचिरोलीकडे निघालो की जागोजागी तलाव लागतात. जुन्या मालगुजारांनी, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांनी बांधलेले; 'माजी मालगुजारी' म्हणून लोक त्यांना मामा तलाव म्हणतात. सावली मागे टाकून आम्ही एका गावाकडे वळलो. आप्पांना तिथल्या तलावाच्या पाळीवरून जायचं होतं. पाळ म्हणजे मातीचा बांध. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला उतारावर शेतं, मधे एका गाडीपुरता रस्ता.

मी बोलत होतो. काय बोलत होतो ते आता आठवत नाही, पण रंगात आलो होतो. एक छोटा खड्डा आला. गाडी पाण्याकडे झुकली. मी स्टिअरिंग उलटं ओढलं. काही झालं नाही. आणखी ओढलं. आता एकदम झालं, आणि गाडी शेताच्या उताराकडे निघाली. मी घाबरून पुन्हा पाण्याकडे ओढलं. समोर निळंशार पाणी, त्यात पांढरे बगळे, आणि कमरेइतक्या पाण्यात जाळं धरून उभी असलेली एक बाई आमच्याकडे तोंड उघडं ठेवून बघत असलेली. मी ब्रेकवर उभा राहणार, तेवढ्यात आप्पांचा आवाज आला. अजिबात न चढलेला.

"ब्रेक नको. पाय काढ. हात हलके सोड. ओढू नकोस तिला. आता हळू दाब."

गाडी थांबली. पुढचं डावं चाक पाळीच्या काठावर, खाली दीड माणूस उंचीचा उतार आणि मग पाणी. माझे हात असे काही थरथरत होते की सुनंदाला दाखवण्यासारखे. आप्पांचे हात मांडीवर होते. स्थिर.

पाण्यातली बाई ओरडली, "अवं बाप्पा! गाडी धुवाची असन तं तिकडून उतार आहे जी! इकडून काऊन उतरून राह्यले?"

मग ती जाळं खांद्यावर टाकून वर आली. पन्नाशीची, नऊवारीचा काष्टा मारलेला, अंगभर पाणी. नाव वच्छलाबाई. तिनं गाडीभोवती एक फेरी मारली, माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आमचे घरचे गाड्याच दुरुस्त करते. पाळ उतरली का दुकान आहे. पन चालवत नोका नेऊ, ढकलत न्या."

आम्ही ढकलत नेली. आप्पा स्टिअरिंगवर, मी आणि वच्छलाबाई मागे. ती माझ्यापेक्षा जास्त ढकलत होती.

दुकान म्हणजे एका मोठ्या कडुलिंबाखाली चार खांबांवर टाकलेले पत्रे. तिचा नवरा प्रभाकरभाऊ तोंडात खर्रा भरून बसलेला. खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला ऐवज. तो तोंडात असला की माणूस बोलत नाही, फक्त हनुवटी वर करून हुंकार देतो. प्रभाकरभाऊंनी अर्धा तास आमच्या गाडीची तपासणी केली ती अशी, हुंकारत. मी प्रश्न विचारायचो, ते आकाशाकडे तोंड करून "हं" म्हणायचे.

मला वाटलं होतं ते लगेच स्टिअरिंगला हात घालतील. आमच्याकडचे मिस्त्री तेच करतात. यांनी आधी चारी चाकांची हवा मोजली. मग टायर हातानं चाचपले, कुठे एका कडेनं झिजलेत का ते पाहिलं. मग पुढचं चाक जॅकवर उचललं. वर-खाली धरून हलवलं, काही नाही. डाव्या-उजव्या बाजूनं धरून हलवलं, तर आतून बारीक टक् असा आवाज आला. प्रभाकरभाऊंनी तोंड रिकामं केलं. आता काही तरी गंभीर ऐकायला मिळणार हे मी ओळखलं.

"प्ले आहे, एखादा सांधा ढिला आहे," ते म्हणाले. "पन कुठी आहे ते वजनावर पाहाव लागन." आणि चाक खाली सोडलं.

आप्पांनी विचारलं, "उचललेल्या चाकावर कळत नाही का?"

"लटकवलेल्या पायाले कळ नाई येत, बाबाजी. उभं राह्यलं का येते." मग त्यांनी हाक मारली, "ये व, बोटं दे तुझे."

यानंतर जे झालं ते मी जन्मात पाहिलेलं नव्हतं. प्रभाकरभाऊ स्टिअरिंगवर जाऊन बसले आणि वच्छलाबाई पुढच्या चाकापाशी उकिडवी बसली. ओला हात पदराला पुसून तिनं तो चाकामागे आत घातला आणि डोळे मिटून घेतले.

"हलवा."

प्रभाकरभाऊंनी स्टिअरिंग बोटभर डावीकडे, बोटभर उजवीकडे हलवलं.

"थांबा. हलवा. इथी नाई. हलवा. अं... हलवा. ह्या इथी. हा सांधा आधी हलते, मंग चाक हलते. मधात एक दम खाते."

"चाक वळवते त्या टाय रॉडचा शेंडा," आतून आवाज आला. "अजून?"

"खालच्या दांडीचा रबर. पूर्न गेला. बोट जाते आत."

मी प्रभाकरभाऊंना विचारलं, हे तुम्ही स्वतः का नाही करत?

"माह्या बोटाइले पाने धरू धरू घट्टे पडले, भाऊ. मले खडकन वाजल्याबिगर समजत नाई. हिचं बोट जाळ्यावर तयार झालेलं आहे. गढूळ पान्यात मासोळी दिसते का? दोरीवर बोट ठेवून ओळखा लागते, मासोळी आहे का गवत आहे."

"आन हा माणूस माह्या जाळ्याले एक गाठ मारून देत नाई," चाकामागून वच्छलाबाई म्हणाली.

मी खूश होऊन टाळ्या वाजवणार होतो. पण तिचा हात अजून आतच होता आणि कपाळावर आठी पडली होती. "अवं, पन हे एवढं ढिलं आहे, तं स्टेरिंग जड काऊन आहे? सोडून पाहा बरं."

प्रभाकरभाऊंनी आप्पांना बाजूला बसवून गाडी अंगणात दहा पावलं चालवली, स्टिअरिंग वळवलं आणि सोडून दिलं. चांगल्या गाडीचं स्टिअरिंग सोडलं की ते आपोआप सरळ व्हायला हवं. आमचं जिथे सोडलं तिथेच बसून राहिलं, रुसल्यासारखं.

ते बॅटरी घेऊन गाडीखाली गेले. मग बाहेर आले, कपडे झटकले आणि आमच्या दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं.

"ह्या नटाचा मर्डर कोनी केला?"

"कसला नट?"

"स्टेरिंगच्या रॅकवर एक नट असते. तो जराकसा फिरवला का आतला दट्ट्या घट्ट होते. लय झालं तं पाव फेरा फिरवाव. हा तं पार आवळून टाकला आहे. आन एकदा नाई. तीनदा. तीन येगयेगळ्या माणसाइनं." त्यांनी बॅटरी माझ्या हातात दिली. "पाहा. एक निशान पान्याचं, साफ आहे. एक छिन्नीचं, हातोडी मारून फिरवलेलं. आन एक पक्कडीचं, दात उमटले आहे."

मी गाडीखाली वाकून पाहिलं. छिन्नीचा घाव बघितला आणि ओळखला. आमच्या वाईचा मिस्त्री छिन्नी-हातोडीखेरीज दुसरं हत्यार ओळखत नाही. मागच्या उन्हाळ्यात मी, होय मीच, आप्पा दुपारचे झोपलेले असताना गाडी त्याच्याकडे नेली होती. म्हणालो होतो, म्हाताऱ्याचे हात ठरत नाहीत, स्टिअरिंग जरा आवळून दे, म्हणजे फार फिरणार नाही. आप्पांच्या मनाला लागू नये म्हणून त्यांना सांगितलं नव्हतं.

वर प्रभाकरभाऊ आप्पांना समजावून सांगत होते. "स्टेरिंग सरळ येतच नाई. मंग गाडी डाव्याले गेली का मानूस उजव्याले ओढते. ती तिथंच राह्यते, तं अजून ओढते. मंग एकदम जास्त जाते. वरून सांधे ढिले. पाहनाऱ्याले वाटते चालवनारा पिऊन आहे. ही गाडी इथवर कोनं आनली?"

"मी," आप्पा म्हणाले.

प्रभाकरभाऊंनी मान हलवली. "दुसरा कोनी असता तं कधीच नालीत गेली असती. आज गेलीच होती ना."

तो दुसरा कोणी गाडीखाली पालथा पडून होता. मी तिथेच जरा जास्त वेळ राहिलो. बाहेर आलो तो थेट कडुलिंबाच्या मागे जाऊन सुनंदाला फोन लावला. सगळं सांगितलं, छिन्नीसकट.

"सुनंदा? ऐकतेस ना?"

"पान्याची खूण कशी आहे म्हणालास? साफ?"

"हो."

"ती माझी आहे," ती म्हणाली. "गणपतीत. आप्पा आरतीला गेले होते तेव्हा. त्यांच्या जिवासाठी केलं रे."

मला बसायला दगड सापडला हे बरं झालं. आम्ही दोघांनी, एकमेकांना न सांगता, आप्पांच्या काळजीपोटी, आप्पांची गाडी आप्पांच्या हातात वेडी करून ठेवली होती. आणि मग तीच गाडी डुलते म्हणून त्यांची किल्ली काढून घ्यायला निघालो होतो.

"मग पक्कड कुणाची?" सुनंदानं विचारलं.

मला काय माहीत!

सुट्या भागांसाठी प्रभाकरभाऊंनी गडचिरोलीच्या दुकानात फोन केला. दुकानदार ते बसच्या ड्रायव्हरच्या हाती देणार, बस फाट्यावर थांबणार आणि फाट्यावरचा पानठेलेवाला ठेवून घेणार. कुणी कुणाला चिठ्ठी देत नाही. आमच्याकडे कुरिअरवाला माझ्याच घरात मला माझी ओळखपत्रं मागतो.

तोवर वच्छलाबाईनं जेवायला बसवलं. भाताचा डोंगर, सकाळच्या जाळ्यातल्या बारीक मासळीचा लालभडक रस्सा आणि अंबाडीची आंबट भाजी. मी भाकरी विचारली तर ती पदर तोंडाला लावून हसली. "भाकर आजारी मानसाले लागते का तुमच्याकडे? भात खा जी, भात. जेवन म्हनजे भात."

आप्पा मन लावून काटे काढत होते. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं, म्हणून मी भाताकडे बघत होतो.

"जावईबापू," आप्पा म्हणाले, "छिन्नी तुझी. तुझा मिस्त्री मला माहीत आहे. पाना सुनंदाचा, ती चांगल्या गॅरेजखेरीज जात नाही."

घास माझ्या घशात अडकला, आणि बारीक मासळीत तो अडकू नये.

"आणि पक्कड?" मी कसंबसं विचारलं.

"पक्कड माझी."

वच्छलाबाईचा वाढता हात थांबला.

"मागच्या पावसाळ्यात," आप्पा म्हणाले. "तुम्ही सगळे माझ्या हातांकडे बघायला लागलात. मग मीही बघायला लागलो. वाटलं, गेले असतील. एका दुपारी गोणपाट टाकून गाडीखाली गेलो आणि आवळून आलो. म्हटलं, कुणाला कळायच्या आत ठीक होईल." त्यांनी एक काटा ताटाच्या कडेला ठेवला. "त्यानंतर आणखीच बिघडलं. मग खात्रीच पटली."

प्रभाकरभाऊंनी पाण्याचा गडू आप्पांकडे सरकवला. मग वच्छलाबाई म्हणाली, "तीन जनं. आन एकानंही दुसऱ्याले इचारलं नाई. का जी, तुमच्याकडे बोलाले पैसे पडते का?"

भाग आले, बसले. प्रभाकरभाऊंनी नट बेतानं ढिला केला. चाकं एका रेषेत आणायला त्यांच्याकडे यंत्र नव्हतं. त्यांनी वच्छलाबाईच्या जाळ्याची नायलॉनची दोरी मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत ताणली, एक डोळा मिटला आणि टाय रॉडचे आटे अर्धा-अर्धा फिरवत राहिले. दोरी दोन्ही चाकांना सारखी टेकली तेव्हा उठले. "घ्या बाबाजी. डांबरी रस्त्यावर नेऊन पाहा. दोन बोटानं."

आम्ही चौघंही बसलो. गडचिरोलीच्या सरळ रस्त्यावर आप्पांनी स्टिअरिंग दोन बोटांनी धरलं आणि गाडी पन्नासवर नेली. गाडी फूटपट्टीनं रेघ मारावी तशी गेली. वळण आलं, वळली, आणि आप्पांनी बोटं सैल करताच स्टिअरिंग स्वतःहून सरळ झालं. आप्पांचा श्वास मला ऐकू आला. परत येताना प्रभाकरभाऊंनी मला चालवायला सांगितलं. दोन किलोमीटरनंतर वच्छलाबाई मागून म्हणाली, "गाडी ठीक झाली. जावई मातर डुलून राह्यले."

सुनंदाला मी त्या संध्याकाळी जो फोन केला तो माझ्या आयुष्यातलं सर्वोत्तम निवेदन असावं. आप्पा निर्दोष! हात पोलादाचे! किल्ली तहहयात! तिकडे ती रडत होती, इकडे मी.

आष्टीच्या पुढे

दुसऱ्या दिवशी गडचिरोलीहून निघालो. चामोर्शी गेलं, आष्टी गेलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना साग. आप्पा चालवत होते, रेघ मारल्यासारखे. मी पाय लांब करून, डोकं मागे टेकून, आयुष्यात प्रथमच त्यांच्या गाडीत निर्धास्त बसलो होतो. पुढे रस्त्यावर काही तरी येताना दिसलं.

आप्पांनी अगदी सहज विचारलं, "जावईबापू, ते समोर येतंय ते काय आहे?"

"बस."

"बस का? बरं." थोडं थांबून म्हणाले, "मला नुसतं मोठं काही तरी दिसतं."

माझे पाय आपोआप आखडले. मला आधी वाटलं थट्टा करतायत. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते समोर बघत होते, डोळे बारीक करून. त्यांनी डावा दिवा लावला, वेग कमी केला आणि गाडी इतक्या सफाईनं कडेला घेतली की पाचोळाही फार वाजला नाही. बस गेली. त्यांनी इंजिन बंद केलं.

"आप्पा, हे कधीपासून?"

"दिवाळीपासून. पांढरी रेघ दिसते, रस्त्याची कड दिसते. बाकी सगळं धुक्यात. उजव्या डोळ्यानं फारच."

"आणि तुम्ही... वाईपासून... ते कोळशाचे ट्रक..." माझ्यासारख्या माणसाला वाक्य पुरं करता येईना.

"तुम्ही सगळे हातांकडे बघत होतात," आप्पा म्हणाले. "डोळ्यांचं कुणी विचारलंच नाही. मला वाटलं, दोन्ही एकदमच गेलं, आता काय सांगायचं. काल कळलं की हात माझे ठीक आहेत. मग हे सांगायला हरकत वाटली नाही."

"सुनंदाला मी सांगू?"

"तू नको. तू त्याचं नाटक करशील. लाव फोन, मी बोलतो."

मी फोन लावून त्यांच्या कानाशी दिला. त्यांनी जे मला सांगितलं तेच तिला सांगितलं, तितक्याच शब्दांत. मग तिचा आवाज, मला ऐकू येईल इतका मोठा: "आप्पा, खरं सांगा. तुम्हाला किती दिसतं?" त्यावर आप्पांनी डोळ्यांबद्दल पाच मिनिटं सगळं सांगितलं. कोणता धूसर, कोणता बरा, उन्हात कसं, सांजेला कसं. येताना चंद्रपुरात डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवायचं हेही दोघांनी ठरवलं. तोवर गाडीला हात लावायचा नाही, ही अट त्यांनीच घातली.

मग ते उतरले, बॉनेटवर हात टेकत पलीकडे गेले आणि डावीकडे बसून पट्टा लावला. किल्ली गाडीलाच होती. मी स्टिअरिंगवर बसलो.

"हलक्या हातानं," आप्पा म्हणाले. "आणि सांगत जा, काय काय दिसतंय ते. तुला तेवढं तरी येतं."

सिरोंचापर्यंत मी सांगत गेलो. उंच साग, त्यांची ताटाएवढी सुकलेली पानं, मोहाखाली बसलेली गुरं, डोक्यावर मोळी घेतलेल्या दोन बाया, तेलुगूत लिहिलेली पहिली पाटी, मग दुसरी. आप्पा मधूनमधून विचारत, नाल्यावर पूल झाला का, ते मोठं चिंचेचं झाड आहे का. नसेल तर मी नाही म्हणत होतो. खोटं एकदाच बोललो. जंगल दाट झालं तिथे मला राहवेना. "आप्पा! डावीकडे! वाघ! झुडपातून बघतोय आपल्याकडे!"

आप्पांनी मानही वळवली नाही. "नाहीये."

"तुम्हाला कसं कळलं?"

"तुझ्या पायाखाली ब्रेक आहे," आप्पा म्हणाले, "आणि तुझ्या तोंडाला नाही. वाघ असता तर उलटं झालं असतं. तोंड थांबलं असतं आणि गाडी पळाली असती."